ड्रॅगनला दम लागतो तेव्हा

गुलाबी फुलं आली की आख्खं बेंगळुरू माना वर करून चालायला लागतं. रस्त्याकडेच्या झाडांची पानं गळून जातात, नुसती फुलंच उरतात, आणि एरवी सिग्नलला हॉर्न वाजवून जीव खाणारी माणसं गाड्या बाजूला घेऊन फोटो काढत बसतात. काल आमच्या टीममधल्या एका मुलीने मलाही ओढून नेलं. "मॅम, इकडे, या झाडाखाली. स्माइल!" मी उभी राहिले. हसलेही असेन. पण लक्ष सगळं वाऱ्याकडे. कोरडा आहे का, कुठल्या बाजूने येतोय, त्याला काही वास आहे का. इतकी वर्षं झाली तरी फेब्रुवारी लागला की माझं हेच. लोकांना वसंत येतो, मला धास्ती येते.

मी तशी जन्माची भित्री. नागपूरला आमच्या घरात मला कुणी अंगणात एकटीला पाठवत नसे, कारण मला पाठवलं की मी पाच मिनिटांत किंचाळत परत येणार हे ठरलेलं. पाल, वीज, कुत्रा, विहीर, काहीही चालायचं. पण ती सगळी भीती माझ्या स्वतःच्या जिवाची होती, आणि स्वतःच्या जिवाच्या भीतीला माणूस हसू शकतो. पोटच्या पोरीच्या श्वासाची भीती निराळी. तिला हसता येत नाही, तिच्याबद्दल नीट बोलताही येत नाही. ती सकाळी आपल्याबरोबर उठते, आपल्याबरोबर डबा भरते आणि ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसते.

माझी लेक ओवी तेव्हा सहावीत होती. मारतहळ्ळीचं भाड्याचं घर सोडून आम्ही नुकतेच बेळ्ळंदूरला राहायला आलो होतो, उंच इमारतीत, अगदी वरच्या बाजूला. एजंटने बाल्कनीचं दार उघडून "लेक व्ह्यू!" असं म्हटलं होतं आणि निखिल, म्हणजे माझा नवरा, तिथंच विरघळला होता. तळं होतं खरं. त्याच्यावर हिरवीगार जलपर्णी, काठाला सांडपाण्याचा पांढरा फेस. वारा सुटला की तो फेस उडून रस्त्यावर यायचा आणि स्कूटरवाल्यांच्या हेल्मेटवर बसायचा. आणि मधूनच, भर दुपारी, त्या तळ्यातून धूर निघायचा. मी आईला फोनवर सांगितलं, आमच्या तळ्याला आग लागली. ती म्हणाली, "पाण्याले आग लागते का कुठं? काहून थट्टा करतेस म्हाताऱ्या माणसाची?" मी व्हिडिओ पाठवला. त्यावर तिचा फोनच आला नाही, मेसेज आला: पोरीला घेऊन नागपूरला ये.

पोरीला दमा होता. हा शब्द लिहायला आजही हात जरा अडतो, कारण आमच्याकडे तो शब्द कुणी उच्चारूच देत नसे. सासरची एक काकू तर मला स्वयंपाकघरात नेऊन, आवाज खाली आणून म्हणाली होती, "दमा काय म्हणतेस सगळ्यांसमोर? ॲलर्जी म्हण. मुलगी आहे." म्हणून मग ॲलर्जी. धुळीची ॲलर्जी, फुलांच्या परागांची ॲलर्जी, धुराची ॲलर्जी. फेब्रुवारीत तिन्ही एकदम यायची आणि वर वार्षिक परीक्षाही. खिडक्या बंद, दाराच्या फटीत ओला टॉवेल, प्रत्येक पर्समध्ये एक इन्हेलरचा पंप, आणि मी.

मी म्हणजे काय, तर दोन डोळे. ओवी समोर आली की मी तिच्या तोंडाकडे बघतच नसे, तिच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघायचे. श्वास घेताना तो आत ओढला जातोय का. खांदे वर येतायत का. नाकपुड्या फुलतायत का. ती मला गणिताचा पेपर दाखवायची, मी तिच्या बरगड्या बघायचे. शाळेतून फोन आला की पलीकडची बाई "हॅलो" म्हणायच्या आत मी चपला शोधत असे. एकदा तो फोन स्नेहसंमेलनात कुठल्या रंगाचा घागरा हवा हे विचारायला होता, आणि मी तिला म्हणाले, "ॲम्ब्युलन्स बोलावलीत का?"

आणि दिवसभर एकच प्रश्न. "ओवी, दम लागतोय?"

ओवीचं उत्तरही एकच. "स्वल्प."

हा शब्द बेंगळुरूत नव्या माणसाला पहिल्या दिवशी मिळतो. स्वल्प थांबा, स्वल्प सरका, स्वल्प ॲडजस्ट करा. पोरं तो शाळेतून, लिफ्टमधून, खाली खेळताना उचलून आणतात. बाकीची कानडी मला परकी वाटायची, पण हा शब्द कधीच परका वाटला नाही. आपलाच की! स्वल्पविरामातला. आमच्या मराठीच्या बाई फळ्यावर ती बारीकशी शेपटी काढून सांगायच्या, इथं जरासं थांबायचं आणि पुढं जायचं. त्यामुळे ओवी "स्वल्प" म्हणाली की माझ्या जिवात जीव यायचा. स्वल्प म्हणजे नखाएवढं. वाक्य काही थांबत नाही त्याने.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती. "छातीतली शिट्टी ऐकू येतेय तोवर हवा कुठूनतरी जातेय. शिट्टी एकदम थांबली तर मूल बरं झालं असं समजू नका." ते वाक्य मी घरी आणलं आणि त्याच्याबरोबर राहायला लागले. शिट्टी ऐकू आली की भीती, आणि नाही ऐकू आली की जास्त भीती. शेवटी मी ओवीच्या पाठीला कान लावून बसायला सुरुवात केली. ती टीव्ही बघत असायची, मी मागून कान लावून. ती चिडायची नाही. बसू द्यायची. आता वाटतं, चिडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसांत तिला ड्रॅगन भेटले.

निखिलची आत्या मल्लेश्वरमला राहते. विमल तिचं नाव, पण निखिलपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला अक्काच म्हणतात. त्यांचं घराणं इथे तीन पिढ्यांचं, त्यामुळे अक्काचं मराठी म्हणजे वरणात सांबार. आमची पहिली भेट मला अजून आठवते. तिने काहीतरी विचारलं आणि मी आमच्या नागपुरी सवयीने "हौ" म्हणाले. अक्काला कोण आनंद! "हौदा? अय्यो, लग्नाआधीच कानडी शिकली की गं ही!" कानडीत होकाराला हौदु म्हणतात हे मला माहीत नव्हतं, आणि नागपूर नावाच्या गावात हौ म्हणतात हे तिला. पुढे कळलं तेव्हा दोघी हसून हसून पडलो. तेव्हापासून आमचं जमलं.

अक्का आयुष्यभर एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात होती. लग्न केलं नाही, पुस्तकं केली. तिच्याकडे ड्रॅगनांची एक जुनी इंग्रजी मालिका होती, पिवळी पडलेली, पाठीला चिकटपट्ट्या लावलेली. त्या फेब्रुवारीत ओवीला खेळायला बंदी, पळायला बंदी, बाहेर जायला बंदी, म्हणून अक्काने पहिला भाग तिच्या हातात ठेवला. "हे वाच. यात सगळे उडतात. तुला बसूनच उडायचंय." झालं. पोरगी परीक्षा विसरली. जेवताना पुस्तक, पंप घेताना पुस्तक, वाफ घेताना तोंडावर मास्क आणि वर पुस्तक.

मी आधी त्या पुस्तकांनासुद्धा घाबरले. जुन्या कागदाची धूळ! मी ती उन्हात ठेवायचे, ओल्या फडक्याने पुसायचे. अक्का म्हणाली, "आणि साबणानेही धू की स्वल्प."

गोष्ट अशी होती. फार दूरच्या एका ग्रहावर माणसं राहायला गेलेली असतात. त्यांचं खोरं दलदलीचं. दलदलीतून सतत एक विषारी वायू निघतो. तिथले ड्रॅगन तो वायू छातीत भरून घेतात, उंच जातात आणि तिकडे वर जाळून टाकतात, म्हणून खाली माणसं जगतात. प्रत्येक ड्रॅगनला एक राखणदार नेमून दिलेला असतो. जादू नाही, मंत्र नाहीत, सगळ्याला काहीतरी शास्त्र जोडलेलं. मला स्वतःला असल्या गोष्टींची गोडी नाही. पण बाल्कनीच्या बंद काचेतून तळ्यावरचा धूर दिसत असताना पोरीने हे मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला हे खरं.

अक्काकडे रविवारी दुपारी चार माणसं जमायची आणि पुस्तकांवर भांडायची. त्या मोसमात तिने ड्रॅगनच लावून धरले. खालच्या मजल्यावरचे बेलसरे यायचे, विमानांच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. मारतहळ्ळीहून तन्मय यायचा, आयटीतला, पुण्याचा, पंचविशीचा. आणि ओवी. मी तिला घेऊन जायचे, पर्स मांडीवर ठेवून कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर बसायचे आणि तिच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघायचे. त्यामुळे मला त्या सगळ्या वादांचे आवाज आठवतात, चेहरे फारसे आठवत नाहीत.

काय भांडायचे! एक आख्खा रविवार वाचण्याच्या क्रमावर गेला. लेखकाने नंतर लिहिलेल्या एका भागात आधीच्या काळाची गोष्ट आहे, तर ती आधी वाचायची की नंतर? तन्मयचं म्हणणं, "टाइमलाइन फॉलो करा ना, सिंपल आहे." अक्का कडाडली, "लिहिलं त्या क्रमाने! आपल्याला भाजी आधी आणि बाजार नंतर झाला तर चालेल का?" हे उदाहरण कुणाला कळलं नाही, पण अक्का जिंकली. अण्णांचं दर रविवारचं तुणतुणं, "एवढ्या वजनाला ते पंख पुरणार नाहीत. मी लिहून देतो." अक्का म्हणायची, "अण्णा, तुम्ही विमानं केलीत ती तरी वेळेवर उडली का?" मग अण्णा रुसायचे, अक्का चहा टाकायची. शेवटचे भाग भिकार आहेत, पहिल्या तीनांत जीव आहे, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. आणि त्यातल्या बायकांना सारखं कुणीतरी पुरुष दटावत असतो, हे आज कसं चालवून घ्यायचं, यावर तन्मय आणि अक्का चक्क एका बाजूला. ओवी सगळ्यांची तोंडं बघत बसायची, डोळे लकाकत असायचे. माझ्या पोरीला मोठ्या माणसांनी "तुला काय वाटतं?" असं विचारलेलं मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. मी विचारायचे ते एकच, आणि ते वाटण्याबद्दल नसायचं.

आता मी कधीकधी इंटरनेटवर त्या मालिकेबद्दलची मतं वाचते. शेकडो माणसं अजूनही तेच भांडतायत. क्रम कुठला, पंख पुरतील का, बायकांना असं का वागवलं. कुणी लिहितं, लहानपणी हिनेच मला वाचवलं; कुणी लिहितं, चाळिशीत परत वाचली आणि वाईट वाटलं. मी खाली खाली जात राहते. मी एक मत शोधत असते. ते अजून कुणी लिहिलेलं नाही.

तिसऱ्या भागाच्या शेवटी एक प्रसंग आहे, ज्यावरून वाचक आजही एकमेकांच्या उरावर बसतात. खोऱ्यात एक म्हातारी करडी मादी आहे, सगळ्यात जुनी ड्रॅगन. तिने पिढ्यान् पिढ्या गावाला सांभाळलंय. एक दिवस ती गावात उतरते आणि काही कारण नसताना गावाचं धान्याचं कोठार जाळून टाकते. लोक तिला डोंगरापलीकडे हाकलून देतात. ती का असं वागली हे लेखकाने कुठेच सांगितलेलं नाही.

त्या रविवारी उकडत होतं. मल्लेश्वरमच्या त्या गल्लीतही गुलाबी फुलांचा सडा पडला होता, आणि मी ओवीला गाडीतून उतरवून नाकावर रुमाल धरायला लावून धावत घरात नेलं होतं. अक्का दारातच म्हणाली, "बा गं बा, कूतको, बस. आज तुझ्या करडीचा निकाल लावायचाय."

तन्मयने सुरुवात केली. "सॉरी, पण रायटरने कॅरेक्टरची वाट लावलीये. दोन पुस्तकं ती शहाणी, आणि तिसऱ्यात अचानक वेडी? पुढच्या भागासाठी काहीतरी मसाला पाहिजे होता, बास."

अण्णा म्हणाले, "वय. यंत्र जुनं झालं की झडपा निकामी होतात. यात भावना वगैरे काही नाही."

अक्काने दोघांना झटकून टाकलं. "दुसऱ्या भागात तिचं अंडं नेलं होतं की नाही गावाने? नेलं होतं. आईचा राग आहे तो. साठवला आणि काढला. मला तर बरं वाटलं बाई." मग ती वळली. "ओवी, तू सांग. का जाळलं?"

ओवी सतरंजीवर बसली होती, गुडघ्यांवर पुस्तक. ती हळू बोलली. "ती चिडलेली नाहीये. तिला श्वास सोडता येत नाहीये."

"म्हणजे?" तन्मय.

"सगळ्यांना वाटतं श्वास घेता येत नाही. तसं नसतं. आत जातो. बाहेरच येत नाही. मग आधीचा आतच असतो आणि वर आणखी घ्यावा लागतो. ती रोज वर जाऊन सगळा सोडून येते ना, त्या दिवशी तिला वर जाताच आलं नाही. म्हणून खालीच सुटला."

अण्णांनी चष्मा काढला. तन्मय पुढे वाकला. "ओके, पण मग तिने आधी कुणाला सांगितलं का नाही? तिची राखणदार होती की. ती तर सतत तिच्याजवळ असायची."

"म्हणूनच," ओवी म्हणाली. "ती राखणदार सारखी कान लावून बसते. सारखी विचारते. आणि विचारताना तिचं तोंड असं होतं." ओवीने तोंड करून दाखवलं. डोळे मोठे, ओठ आत ओढलेले. मला आरसा बघायची गरज नव्हती. "ड्रॅगनला ते बघवत नाही. खरं सांगितलं तर ती राखणदार मरूनच जाईल असं तिला वाटतं. म्हणून ती दाबून धरते. आणि विचारलं की म्हणते, स्वल्प."

सगळे हसले. अक्का तर टाळी देऊन हसली. "करेक्ट! आमचीच आहे ही ड्रॅगन, मल्लेश्वरमची!" आणि मग मला, नागपूरहून आलेल्या सुनेला, समजावून सांगायला लागली. "अगं, इथला स्वल्प तुमच्या पुस्तकातला नव्हे. ऑटोवाला स्वल्प दूर म्हणाला की घरी कळवायचं, जेवायला थांबू नका. आमच्या शेजारणीला कळा सुरू झाल्या, डॉक्टरने विचारलं, दुखतंय का? म्हणाली, स्वल्प. वाटेत गाडीतच बाळंत झाली! इथे नको म्हणायचं नसलं, लाज वाटली, समोरच्याला त्रास द्यायचा नसला, की स्वल्प. कितीही असलं तरी स्वल्प."

मी हसले नाही. मी आख्खा महिना नागपूरच्या कानाने ऐकत होते आणि माझी पोर बेंगळुरूच्या तोंडाने बोलत होती. किती वेळा म्हणाली होती ती स्वल्प? काल संध्याकाळी लिफ्ट बंद पडली म्हणून जिना चढून आल्यावर. परवा गणिताच्या पेपरच्या आधी. आज सकाळी, गाडीत बसताना. मी ते सगळे स्वल्प एकेक आठवायला लागले आणि प्रत्येकाच्या आत किती होतं याचा मला पत्ता नव्हता. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. आणि ती भीती चेहऱ्यावर येऊ द्यायची सोय राहिली नव्हती, कारण ओवी माझ्याकडेच बघत होती.

घरी निघालो तेव्हा ऊन कलत होतं. निखिल कामासाठी गावाला गेलेला, गाडी मीच चालवत होते. रिंग रोडला नेहमीसारखी कोंडी. तळ्याशी आलो आणि वाहनं ठप्प झाली. पाणी दिसत नव्हतं. धूर होता, करडा, जलपर्णीवरून सरकत रस्त्याकडे येणारा. पुढच्या गाडीच्या काचेवर फेसाचे गोळे येऊन बसत होते. मी एसी आतल्या हवेवर केला, काचा पुन्हा पुन्हा वर केल्या, त्या वरच होत्या. तरी वास आत आला.

शेजारून शिट्टी ऐकू येत होती. बारीक, ओळखीची. मी पर्समधला पंप काढून तिच्या मांडीवर ठेवला, तिने एक झोत घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं. आम्ही एका गाडीएवढं पुढे सरकलो. पुन्हा थांबलो. आणि मग शिट्टी थांबली.

मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. पुढे कुणीतरी काच खाली करून शिव्या देत होतं. माझ्या कानात काहीच शिरत नव्हतं. शिट्टी नव्हती. मी मान वळवली. ओवीचे खांदे कानांपर्यंत आलेले, दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरलेली, आणि ती बाहेर बघत होती, मुद्दाम, मला चेहरा दिसू नये म्हणून.

तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला. तो विचारला असता तर उत्तर काय आलं असतं ते मला ठाऊक होतं, आणि मी त्यावर विश्वास ठेवला असता, कारण मला ठेवायचा होता. मी पुढे बघितलं. हात स्टिअरिंगवर थरथरत होते, ते मी लपवले नाहीत.

"ओवी," मी म्हणाले, "मला लय भीती वाटून राहिली आहे." घाबरले की माझी नागपुरी बाहेर येते. "हे बघ माझे हात. पण ऐक. ही भीती माझी आहे. मला वाटू दे. मी काही मरत नाही तिने. तुला मला सांभाळायचं नाहीये. तू फक्त खरं सांग. कितीही असू दे."

ती बोलली नाही. बोलायला हवा लागते. तिने सीटची कड सोडली, माझं मनगट पकडलं आणि दोन तुकड्यांत म्हणाली, "आई. खूप."

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. गाडी तिथेच बंद केली, दिवे लुकलुकते ठेवले. पंपाला स्पेसरची नळी लावली, झोत दिला, मोजून श्वास घ्यायला लावले, परत झोत. मी रडत होते आणि मोजत होते, दोन्ही मोठ्याने. मागच्या स्कूटरवरचा एक मुलगा काचेवर टकटक करायला आला, आतलं बघितलं आणि मागे न जाता पुढे पळाला, आणि ओरडून ओरडून गाड्या डावीकडे दाबून घेतल्या. त्या फटीतून मी गाडी कशी काढली ते देव जाणे. जे पहिलं हॉस्पिटल दिसलं तिथे शिरलो. ओवीच्या तोंडावर मास्क चढला. बऱ्याच वेळाने, मी भिंतीला टेकून उभी असताना, ती शिट्टी परत ऐकू आली. आयुष्यात कुठल्या गाण्याने मला इतकं रडवलं नाही.

तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे आजचं नाही. काही दिवस वाढत असणार. तिने सांगितलं नाही?" ओवीने मास्कमधूनच माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "सांगत होती. मला भाषा येत नव्हती." बाईंना वाटलं, मी कानडीबद्दल बोलतेय. त्यांनी मग सगळं हिंदीत समजावलं.

नंतर आम्ही ते घर सोडलं. निखिलने आठवडाभर तोंड पाडलं, तळं होतं ना. आता आम्ही मल्लेश्वरमलाच आहोत, अक्काच्या दोन गल्ल्या पलीकडे. घरात मग एक नियम झाला: मी विचारायचं नाही, तिने सांगायचं. ऐकायला छान वाटतं. पाळून बघावं. जिभेवर प्रश्न घेऊन पोळ्या लाटायच्या. पोरगी शेजारच्या खोलीत खोकली की हातातलं लाटणं तसंच ठेवून जागच्या जागी उभं राहायचं आणि वाट बघायची. कधी ती स्वतः यायची आणि म्हणायची, "आई, मध्यम आहे, पंप घेतलाय." कधी यायची नाही, कारण नुसता खोकला असायचा. त्या दोन्हींच्या मधल्या वेळात मी किती वेळा मेले याची नोंद कुठेच नाही.

आधी वाटायचं, ती खरं सांगायला लागली की भीती जाईल. जात नाही. आधी मी तिच्या लपवण्याला घाबरायचे, आता तिच्या सांगण्याला घाबरते. फरक एवढाच की आता जिला घाबरायचं आहे ती गोष्ट माझ्यासमोर असते.

ओवी या वर्षी शिकायला पुण्याला गेली. हॉस्टेल. मी तिच्या सामानात काय काय भरलं ते सांगत नाही, तुम्ही हसाल.

आज सकाळी तिचा फोन आला. मी ऑफिसला निघत होते. "आई, बस आधी," ती म्हणाली. मी बसले, तिथेच, दाराच्या उंबऱ्यावर. "काल दुपारी लॅबमध्ये झालं. बरंच. पंपाने उतरलं नाही. मैत्रिणीने हॉस्पिटलमध्ये नेलं, मास्क लावला, रात्रभर ठेवलं. आता खोलीवर आलेय. नव्वद टक्के ठीक आहे. दहा टक्के अजून नाही."

मला पहिल्यांदा फक्त तिचा श्वास ऐकू आला. मी तो ऐकत राहिले. वाक्याच्या मध्ये थांबत नव्हती ती. शेवटापर्यंत पोचत होती.

"सांगितलंस, बरं केलंस," मी म्हणाले. आवाज नीट काढला होता मी. अगदी नीट.

पलीकडे तिने तो नीटपणा ऐकला. मग म्हणाली, "आई, तू कशी आहेस? खरं सांग."

तोंडावर आलं होतं, मी मस्त आहे, माझं काय, तू औषध घे. ते सगळं गिळून म्हणाले, "घाबरलेय गं. हातपाय गळालेत माझे. उठता येत नाहीये उंबऱ्यावरून."

"बरं," ओवी म्हणाली. "मग घाबर तू. मला क्लास नाहीये आत्ता. मी फोन ठेवत नाही."